मेडनहेडची कोरफड

११ फेब्रुवारी २००९, बुधवार

बर्फ वितळला एकदाचा. आणि खालून काय निघालं? गोटे! आठवडाभर निदान पांढरं तरी दिसत होतं, आता पुन्हा घरमालकाने पसरून ठेवलेली ती खडी. भाडेकरू गवत कापत नाहीत म्हणून त्या माणसाने अख्खं मागचं अंगण खडीने बुजवून टाकलंय. आणि याला गार्डन म्हणायचं! आम्ही बिकानेरला चौदा वर्षं काढली, तिथे याला सरळ वाळवंट म्हणायचे आणि मोकळे व्हायचे.

सकाळी जप करत बसले होते तर सुयशची हाक— "आई! आई, लवकर ये!" मला वाटलं पोरगं पडलं कुठे. माळ हातात तशीच घेऊन धावले. तर हा मागच्या काचेच्या खोलीत, ज्याला ही मंडळी कॉन्झर्व्हेटरी म्हणतात, उकिडवा बसलेला. चाळीस वर्षांचा घोडा! बोट कोरफडीच्या कुंडीकडे. मधून दांडा निघालाय. करंगळीएवढा, टोकाला कळ्यांची घट्ट मूठ.

"येतंय आई, येतंय! चार वर्षांत पहिल्यांदा!"

ही कोरफड म्हणजे आमच्या बिकानेरच्या क्वार्टरमागच्या कोरफडीची खापरपणती. बदली झाली तेव्हा तिचं एक पिल्लू मी ट्रंकेत घालून पुण्याला आणलं, गॅलरीत वाढवलं. सुयश इथे लंडनजवळ राहायला निघाला तेव्हा त्यातलंच एक त्याने मोज्यात गुंडाळून बॅगेत लपवलं. मला वाटलं होतं, मरेल. नाही मेलं.

"ऑफिस नाही का रे?" म्हटलं. "वर्क फ्रॉम होम," म्हणाला. हल्ली रोजच होम. बरं आहे बाई. ह्यांच्या नशिबी असलं सुख नव्हतं. भूजल खात्याची जीप घेऊन दिवसभर रेतीत, पाणी कुठे लागतंय का बघत. ह्यांना जाऊन जूनमध्ये दोन वर्षं होतील.

१४ फेब्रुवारी

लायब्ररीत मधुमतीबाई भेटल्या. त्या मुलाकडेच असतात, कायमच्या. लगेच चौकशी— "मग सुलक्षणाताई, आता इथेच ना?"

"छे हो, पाच एप्रिलचं तिकीट आहे माझं."

"अगंबाई! मुलाने थांब नाही म्हटलं?"

लागलं मला. घरी येईपर्यंत लागत राहिलं.

इथे या पानावर खोटं बोलून कुणाला फसवणार? थांबायचं मला नाहीच. नोव्हेंबरपासून आहे, पुष्कळ झालं. दुपारी चारला अंधार, बोलायला कुणी नाही, ते थंडगार सँडविच. विचारलं तर मी नाहीच म्हणणार आहे. वाक्यसुद्धा तयार आहे— "नको रे बाबा, मला आपलं माझं घर बरं." पण विचारायला नको? एकदा तरी? जेवता जेवता, सहज? एकुलता एक मुलगा, आई एकटी, आणि तोंडातून अवाक्षर नाही! वरदाही नाही. सून चांगली आहे, नाव ठेवायला जागा नाही, पण तीही गप्प.

१७ फेब्रुवारी

दांडा वीतभर झाला. कुणी विचारलं नाही.

२३ फेब्रुवारी, महाशिवरात्र

उपास. स्लाऊच्या आपल्या लोकांच्या दुकानातून आणलेला साबुदाणा रात्रभर भिजूनही टणक. खाल्ला कसाबसा.

खडीतून क्रोकस वर आलेत! जांभळ्या आणि पिवळ्या फुलांचे, बोटभर उंचीचे. कुणीतरी आधी राहून गेलेल्याने लावलेले असणार. गोटे बाजूला सारून उभे राहिलेत, घरमालकाला न विचारता. मला फार बरं वाटलं. कोट घालून, कानाला स्कार्फ बांधून बराच वेळ बघत उभी होते. नात आतून काचेवर टकटक करून ओरडतेय— "आजी, इट्स फ्रीझिंग! आत ये ना!" पूर्वी नाव तिचं, नऊ वर्षांची आहे, मला ओरडायचा एक चान्स सोडत नाही.

बिकानेरला वसंत महाशिवरात्रीच्या सुमारासच यायचा. म्हणजे काय, रात्रीची थंडी जरा ओसरायची आणि लूचे गरम वारे सुरू व्हायला अजून अवकाश असायचा. तेवढ्या मुदतीत ज्याला फुलायचं त्याने फुलून घ्यायचं. कंपाउंडबाहेरचा रोहिडा असा केशरी व्हायचा की पान दिसायचं नाही. भिंतीच्या कडेने कोरफडीची रांग, तिचे दांडे वर आले की इवलेसे शिंजीर पक्षी यायचे, उलटे लटकून मध प्यायचे. आणि माझे हॉलिहॉक! कमरेएवढे वाढायचे. सगळ्या ऑफिसर्स कॉलनीत माझेच. अंघोळीचं पाणी मोरीतून चर खणून वाफ्यात घेतलं होतं मी, स्वतःच्या हाताने.

ह्यांना ते खपायचं नाही. दिवसभर दुसऱ्यांसाठी पाणी शोधायचं आणि घरी मी फुलांना तांब्याभर जास्त घातलं की डोळे वटारायचे. "बायका दोन-दोन कोस चालतात पाण्यासाठी, आणि तुझे हे चोचले!" मी म्हणायची, मोरीचं पाणी आहे, ते काय त्या बायकांना नेऊन देऊ? धुमसायचो दोघंही. पण एकदा पहाटे खिडकीतून पाहिलं, तर हे दाढीचं पाणी हळूच हॉलिहॉकच्या मुळाशी ओततायत. इकडेतिकडे बघत, चोरासारखे! मी काही बोलले नाही. तेही कधी बोलले नाहीत.

हे लिहिताना रडू आलं. येऊ दे.

गंमत बघा, फ्लॅट पुण्याला आहे, पंचवीस वर्षं राहिलेय तिथे. आठवतं मात्र बिकानेरच. ते क्वार्टर पाडून टाकले म्हणे. म्हणजे आठवायचं तेवढंच उरलंय.

४ मार्च

सुयश सकाळी सूट-टाय घालून लंडनला गेला. "मीटिंग आहे." मी हातावर दही घातलं. लहान असताना परीक्षेला जाताना घालायची तसं. हसला नाही. एरवी "काय आई!" म्हणून चेष्टा करतो, आज गपकन चाटून टाकलं.

संध्याकाळी आला तो थेट काचेच्या खोलीत. टाय खिशात कोंबलेला. कुंडीसमोर बसून राहिला. मी चहा नेऊन दिला. "झाली का मीटिंग?" "झाली." पुढे काही नाही. बापावर गेलाय, शब्द मोजून वापरतो.

पूर्वीने आज विचारलं— "आजी, पुण्यातला स्कूलमध्ये हिंदी कंपल्सरी असते?" म्हटलं, असते बाई, मराठीही असते. "ओह नो," म्हणाली आणि डोक्यावर उशी घेतली. वरदा एकदम उठून आत गेली. पोरीच्या मराठीची लाज वाटली असेल तिला. मी काही म्हणत नाही हो! माझ्या मुलाचं मराठी ऐकून पुण्याचे मास्तर असेच डोक्याला हात लावायचे.

८ मार्च, रविवार

डॅफोडिल सगळीकडे. रस्त्याच्या कडेला, सर्कलवर, चर्चसमोर. कोण लावतं, कोण पाणी घालतं, काही कळत नाही. पाणी घालायला लागतच नाही म्हणा, वरून सारखं गळतंच आहे.

दांडा चांगला हातभर झालाय. कळ्या टपोऱ्या. सुयशने पूर्वीला शेजारी बसवून बिकानेरच्या गोष्टी सांगितल्या. आंधी आली की कसं दार-खिडक्यांना ओल्या चादरी लावायच्या, तरी ताटात रेती यायचीच. शिंजीर कसा यायचा. हा एवढा होता तेव्हा— भिंतीला टेकून बसायचा, पाटी मांडीवर, अभ्यास बाजूला, नजर शिंजिरावर. पोरगी विचारते, "डॅडी, इथे ते बर्ड येणार?" "नाही गं. इथे नाही येणार." आवाज कसातरी झाला त्याचा.

मग मला म्हणाला, "आई, अजून चार दिवस. मग बघ."

चार दिवस! मला हसू आलं. लहानपणीही असाच, रोज दांड्याजवळ जाऊन, "आई, झाली का भाजी करायच्या जोगी?" कोरफडीच्या कळ्यांची भाजी आमच्या शेजारच्या पुरोहितबाईंनी शिकवली मला. तिकडे त्याला ग्वारपाठा म्हणतात. वर्षातून एकदाच व्हायची, होळीच्या आसपास. ताट चाटूनपुसून खायचा हा.

विसरला नाही म्हणजे.

११ मार्च, धुळवड

काल पुरणपोळी केली. आज—

सगळं लिहून टाकते, नाहीतर झोप यायची नाही.

सकाळी बघते तर खालच्या कळ्या पिवळ्या पडायला लागलेल्या. म्हटलं, संपलं, उद्या तोंड उघडणार. एकदा उमलल्या की कडूजहर, मग फेकून द्यायच्या. सुयश फोनवर होता वरच्या खोलीत, दार लावून. वरदा तिच्या शाळेत. तिला नर्सरीत नोकरी आहे. कुणाला विचारायचं? आणि विचारायचं तरी काय त्यात? खुडल्या. शेंड्याच्या तेवढ्या ठेवल्या, तो पुरोहितबाईंचा नियम. मिठाच्या पाण्यात उकडल्या, पिळल्या, पुन्हा उकडल्या. मेथ्या, बडीशेप, हिंगाची फोडणी. आमचूर नव्हतं, लिंबू पिळलं. चार बेदाणे. वाटीभर झाली जेमतेम. कुंडीच एक! तिथे रांगच्या रांग होती.

मनात काय होतं तेही लिहिते. म्हटलं, हा घास तोंडात गेला की त्याला सगळं आठवेल, आणि आपसूक म्हणेल, "आई, थांब ना गं." स्वयंपाक करताना गुणगुणत होते मी. किती दिवसांनी!

संध्याकाळी सगळे जेवायला बसले. पूर्वी हात धुऊन मागून आली ती ओरडतच. "आजी! फ्लॉवर कुठे गेला?"

मी म्हटलं, "ही काय वाटीत! खास बाबासाठी."

"यू कुक्ड इट? डॅडी! आजीने आपली फ्लॉवर कुक केली!"

वरदाने डोळे मिटून घेतले. सुयश उठला, काचेच्या खोलीत गेला. परत आला. बसला. पोळीचा तुकडा मोडला, भाजी घेतली, खाल्ली. आम्ही तिघी बघतोय.

"मीठ जरा कमी आहे," म्हणाला.

मग सगळी वाटी संपवली. एकट्याने. कुणाला देऊ केली नाही. आणि ताट उचलून ठेवून, कोट न घालता मागे खडीवर जाऊन उभा राहिला.

मला राग आला! खोटं कशाला बोलू? अरे, कोरफड ती! फुलासाठी कुणी कोरफड लावतं का? हजार वेळा खुडली मी बिकानेरला, तेव्हा कोण रडलं? आणि बघायचंच होतं तर तोंड उघडून सांगायचं होतं, "आई, हात लावू नकोस." सांगायचं काही नाही, विचारायचं काही नाही, आणि मग असं थंडीत जाऊन उभं राहायचं. मी काय मनातलं ओळखणारी आहे?

१२ मार्च

राग गेला. आता नुसतं वाईट वाटतंय.

पोराने महिनाभर वाट बघितली आणि मी ती फोडणीला घातली. भाजीची वाट बघतोय असं मी धरून चालले. त्याला शिंजीर बसायचा ते फूल हवं होतं. चौदा वर्षं एका अंगणात राहिलो. मी त्या दांड्यात भाजी बघत होते आणि पाटी मांडीवर घेऊन हा दुसरंच काही बघत होता. मला कळलंच नव्हतं.

वरदाजवळ म्हटलं, "मला माहीत नव्हतं गं."

"अहो आई, तुमचं काही चुकलं नाही. त्याला फक्त ते फूल बघायचं होतं हो. जायच्या आधी."

"कुणाच्या जायच्या आधी?"

एकदम नळ सोडला. मग म्हणाली, "तुमच्या," आणि पाठ फिरवून भांडी घासायला लागली. मशीन आहे भांड्यांना! तरी हाताने घासत होती.

म्हणजे माझं जाणं ठरलेलंच. विचारायचा प्रश्नच नाही. बरं झालं, कळलं.

१५ मार्च

कुणी काही बोलत नाही. मीही नाही. बघू कोण आधी बोलतं.

१९ मार्च

सुयशच बोलला. काय बोलला? "आई, तुझी बॅग मी भरून देतो. वजनाचं बघायला लागेल." सतरा दिवस आधी! एवढी घाई? मी म्हटलं, माझी बॅग मला भरता येते, तुझ्या जन्माआधीपासून भरतेय. बदल्यांच्या नोकरीत दुसरं केलं काय मी?

वर दुसरी गंमत. "आई, तुझ्या फ्लॅटची मधली खोली रिकामीच असते ना?" असते, म्हटलं, तुझी पुस्तकं आहेत, ह्यांचं टेबल आहे. "पंखा चालतो का तिथला?" माझ्या घरातला पंखा! मार्चमध्ये इथे बसून! कुणी भाडेकरू ठेवायचं डोक्यात दिसतंय, आईला सोबत म्हणून. ठणकावून सांगितलं, मला कुणी परकं माणूस घरात चालणार नाही. तोंड एवढंसं झालं त्याचं. "परकं नाही गं," म्हणाला आणि उठून गेला. मीही मग फार ताणलं नाही.

इतकी वर्षं मी म्हणत आले, मला कुणाची गरज नाही. लोकांना खरंच वाटायला लागलं बहुतेक.

२४ मार्च

फुलली!

शेंड्याच्या कळ्या राहिल्या होत्या ना, त्या आज उमलल्या. पाच-सहाच. पिवळ्याधमक, खाली माना घातलेल्या नळ्या. मीच आधी पाहिलं. पायऱ्यांशी उभी राहून हाक मारली, "सुयश! खाली ये! लवकर!" त्यालाही वाटलं असेल म्हातारी पडली. धडधडत आला.

आणि मग बसलाच. मी खुर्ची ओढून त्याच्याशेजारी. दार उघडं होतं, उन्हं आली होती. खरीखुरी, उबदार. बाहेर खडीवर क्रोकस केव्हाच संपलेत, आता निळ्या द्राक्षांसारखं काहीतरी आलंय. एक भला मोठा केसाळ भुंगा आत शिरला आणि फुलात डोकं घालून लटकला. शिंजिराएवढाच की हो, म्हटलं मी. सुयश हसला. किती दिवसांनी हसला!

"आई, बाबा दाढीचं पाणी हॉलिहॉकला घालायचे, तुला माहितेय?"

मी चकित. "तुला कसं माहीत?"

"मी भिंतीपाशी असायचो ना. मला म्हणाले होते, आईला सांगू नकोस. नाहीतर डोक्यावर बसेल."

हसलो आम्ही. मी हसता हसता रडलेही, त्याने पाहिलं, पाहिलं नाहीसं केलं. हे मुलाला सांगत होते आणि मला नाही! इतकी वर्षं मला वाटत होतं ते गुपित माझं एकटीचं आहे.

मी म्हटलं, "भाजी केली त्याचं मनात ठेवू नकोस रे."

"नाही गं. चांगली झाली होती. बिकानेरसारखीच." मग म्हणाला, "इतकं सगळं मागे टाकून आपण कसे निघालो गं तिथून? मला आठवतंय, तू रडली नव्हतीस."

"रडायला वेळ कुठे होता? सामान बांधायचं होतं. आणि एक पिल्लू घेतलं की बरोबर."

"हं," म्हणाला. कोरफडीच्या पानावरून हात फिरवत राहिला. मग माझ्याकडे वळला. "आई—"

मी खुर्ची आणखी जवळ ओढली. आता! आता विचारणार! आणि मला कळलं, माझं ते पाठ केलेलं वाक्य माझ्याजवळ नव्हतंच. मी हो म्हणणार होते. थंडी, अंधार, सँडविच, सगळ्याला हो.

फोन वाजला. उचलून बाहेर गेला खडीवर. येरझाऱ्या घालत बोलत होता, मग नुसतंच ऐकत होता. परत आला तेव्हा चेहरा पाटीसारखा कोरा.

"काय म्हणत होतास रे?"

"काही नाही."

२७ मार्च, गुढीपाडवा

संध्याकाळी गुढी उतरवताना सुयशने विचारलं. अखेर विचारलं! वरदा मागे उभी होती, पदर तोंडाशी धरून.

नोकरी जानेवारीतच गेली म्हणे. इथला व्हिसा नोकरीलाच बांधलेला. तीन महिने दुसरीसाठी वणवण केली, परवाच्या फोनवर शेवटची आशाही संपली. हे घर सोडायचंय, देशच सोडायचाय. सगळं सांगून झालं आणि खाली मान घालून म्हणाला— "आई, आम्ही तिघं तुझ्याकडे राहायला येऊ का?"

गुढीचा तांब्या हातात तसाच राहिला माझ्या.

"मेल्या," म्हटलं, "असलं काही विचारायचं असतं होय रे आईला?"